जनुकांची उघडझाप : प्रथिनांच्या चढाओढीचे गणित

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेले बालक पहिले काही महिने अगदी निरोगी दिसते. ते अंगावर पिते, बाळसे धरते, हसते-खेळते. सहा महिने उलटले की मात्र त्याचे हातपाय सुजू लागतात, चेहरा फिकट पडतो, ताप वारंवार येतो. ‘बाळ तर चांगले होते, कोणाची तरी दृष्ट लागली,’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर किंवा नंदुरबार या जिल्ह्यांत काम केलेल्या शिक्षकांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ही कहाणी नवी नाही. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या काही समाजांत या दोषाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा २० हून अधिक असल्याचे पाहण्यांत आढळून आले आहे.

दृष्टीचा येथे काही संबंध नसला, तरी घरच्यांचे निरीक्षण अचूक असते. जन्मतः बाळ खरोखरच चांगले असते. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली याचे कारण सुचविले. गर्भात असताना बालकाच्या रक्तात एक निराळेच हिमोग्लोबिन असते आणि त्या हिमोग्लोबिनात हा दोष नसतो. जन्मानंतर ते हळूहळू ओसरते, त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते आणि मग आजार डोके वर काढतो.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. प्रौढावस्थेत दोन अल्फा व दोन बीटा, तर गर्भावस्थेत दोन अल्फा व दोन गॅमा. सिकलसेलचा दोष फक्त बीटा साखळीत आहे. केंब्रिज येथील डॉ. व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिले, की बीटा साखळीत एका ठिकाणी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरेच येते, एवढाच काय तो फरक. गॅमा साखळीचे जनुक मात्र निर्दोष असते. ते रुग्णाच्या प्रत्येक पेशीत जन्मभर शाबूत असते. केवळ मिटलेले असते. काही कुटुंबांत ते जन्मानंतरही मिटत नाही. अशा व्यक्तींना सिकलसेलचा दोष वारशाने मिळाला, तरी त्यांचा आजार सौम्य राहतो.

म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की हे जनुक कोण मिटवते, कसे मिटवते आणि ते पुन्हा उघडता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणक यांची जी सांगड गेल्या काही दशकांत घातली गेली, तिची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे.

पेशीतील गुंडाळी

मानवी पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक, असे दोन संच धरून त्यावर सुमारे ६०० कोटी अक्षरे आहेत. अक्षरे म्हणजे चार प्रकारचे नत्रयुक्त क्षारक. हा एवढा धागा ज्या केंद्रकात सामावतो, त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. साहजिकच तो गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाची आठ प्रथिने एकत्र येऊन एक लहानसे रीळ बनते, त्याभोवती धाग्याची १४७ अक्षरे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळली जातात, मग थोडा मोकळा धागा आणि पुन्हा रीळ. रिळांच्या या माळेची कल्पना डॉ. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. १९९७ मध्ये झुरिच येथे तिचे अणूंच्या पातळीवरील सूक्ष्म चित्र मिळाले. धागा, रिळे आणि त्यांना बिलगलेली इतर प्रथिने या सर्वांना मिळून क्रोमॅटिन असे म्हणतात.

यकृताच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत धागा एकच असतो. भेद असतो तो कोणते जनुक उघडे आणि कोणते मिटलेले यात. पॅरिस येथील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली जंतूंवरील प्रयोगांतून असे दाखविले, की जनुकाच्या जवळ एक नियंत्रणाची जागा असते व तेथे एखादा निरोधक घटक बसला की जनुक मिटते. हा घटक म्हणजे प्रथिन होय, हे पुढे सिद्ध झाले. मानवात अशा नियंत्रक प्रथिनांची संख्या हजाराहून अधिक आहे. त्यांपैकी काही जनुक उघडतात, काही मिटवितात. काही स्वतः फारसे करीत नाहीत, परंतु दुसऱ्यांना बोलावून आणतात.

फळ्यावर मांडता येईल असे गणित

प्रथिन एकदा जागेवर बसले की कायमचे चिकटले, असा समज होऊ शकेल. तो बरोबर नाही. पेशीत सर्व रेणू सतत हलत असतात; प्रथिन येते, बसते, सुटते, दुसरे येते. म्हणून ‘जागा भरलेली आहे काय?’ असे न विचारता ‘एकूण वेळापैकी किती वेळ भरलेली असते?’ असे विचारावे लागते. येथून पुढे गणित सुरू होते आणि ते माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही जमेल इतके सोपे आहे.

जागा रिकामी असण्याला १ हे वजन देऊ. प्रथिन बसलेले असण्याला समजा ९ वजन आहे. एकूण वजन १०. म्हणजे दहापैकी नऊ भाग वेळ जागा भरलेली आणि एक भाग रिकामी. वजनाचा हा आकडा दोन गोष्टींनी ठरतो. प्रथिनाची त्या अक्षरांवरील पकड किती घट्ट आहे, आणि पेशीत त्याचे रेणू किती आहेत. रेणू दुप्पट झाले तर वजन १८ होते आणि १९ पैकी १८ भाग वेळ जागा भरते.

या पद्धतीचा पहिला मोठा कस लागला तो एका विषाणूवर. लॅम्डा नावाचा हा विषाणू आतड्यातील जंतूंत शिरतो. तो तेथे एक तर निपचित पडून राहतो, नाही तर जंतूला फोडून बाहेर पडतो. यांपैकी काय व्हावयाचे, हे धाग्यावरील तीन शेजारच्या जागांवर निरोधक प्रथिन कसे बसते यावरून ठरते. तीन जागा, प्रत्येक रिकामी वा भरलेली, म्हणजे एकूण आठ स्थिती. गॅरी अ‍ॅकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली परीक्षानळीत मोजलेल्या बंधांच्या ऊर्जेवरून या आठही स्थितींची वजने काढली व निरोधकाचे प्रमाण बदलले असता जनुक केव्हा उघडेल याचे गणित मांडले. १९८५ मध्ये प्रतिस्पर्धी प्रथिने जमेस धरून स्थितींची संख्या ४० झाली. या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. शेजारी बसलेली दोन निरोधक प्रथिने एकमेकांना आधार देतात. त्यामुळे जनुक हळूहळू न उघडता एका मर्यादेनंतर झटकन उघडते.

तीन जागांसाठी आठ स्थिती कागदावर मांडता येतात. मानवी जनुकाच्या नियंत्रणात तीस जागा गुंतलेल्या असल्या, तर स्थितींची संख्या १०७ कोटींच्या वर जाते. संगणकाची गरज येथे भासते. तो काही नवे तत्त्व सांगत नाही. जाकोब आणि मोनो यांनी सांगितलेलेच तत्त्व, परंतु माणसाच्या हातून न होणारी बेरीज करतो.

गॅमा जनुकाच्या दारातील दोन दावेदार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गर्भ-हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रौढ माणसांत निरनिराळे का असते, याचा शोध घेत असता २००७-०८ मध्ये हजारो लोकांच्या डीएनएची तुलना करण्यात आली. तिने एका अनपेक्षित जनुकाकडे बोट दाखविले. हे जनुक म्हणजे बीसीएल-११-ए. ते रक्ताच्या जनुकांजवळ नाहीच. ती ११ व्या गुणसूत्रावर, तर हे दुसऱ्या. बोस्टन येथील डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखविले, की याचे प्रथिन कमी केले की गॅमा जनुक पुन्हा काम करू लागते. २०११ मध्ये सिकलसेलग्रस्त उंदरांतून ते काढून टाकले असता उंदरांचा आजार दूर झाला.

हे प्रथिन नेमके कोठे बसते, हे कळावयास २०१८ साल उजाडले. गॅमा जनुकाच्या प्रारंभापासून सुमारे ११५ अक्षरे मागे सहा अक्षरांची एक जागा आहे. तेथे त्याची पकड आहे. गंमत अशी की, याच सहा अक्षरांतील एक अक्षर बदललेले एक ग्रीक कुटुंब १९८५ सालीच शास्त्रीय वाङ्मयात नोंदले गेले होते. त्या कुटुंबात गर्भ-हिमोग्लोबिन प्रौढपणीही टिकून होते. नोंद होती, कारण ठाऊक नव्हते. ते कळण्यास ३३ वर्षे लागली.

आणखी तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, यंत्रणेचा पुढचा दुवा हाती आला. त्या सहा अक्षरांच्या अगदी शेजारी, जनुकाच्या अधिक जवळ, दुसऱ्या एका प्रथिनाची जागा आहे. त्याचे नाव एनएफ-वाय. ते बसले की जनुक उघडते. या दोन जागा इतक्या निकट आहेत की, दोन्ही प्रथिने एकाच वेळी सुखाने बसू शकत नाहीत. एक बसले की दुसऱ्याला जागा उरत नाही. एस.टी.च्या बाकावर एकाने पसरून बसावे आणि दुसऱ्याने उभे राहावे, तसाच हा प्रकार आहे.

वरील वजनांचे गणित येथे लावून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, मोजलेले नव्हेत. रिकामी जागा १, उघडणारे प्रथिन ९, मिटविणारे ९०. एकूण १००. जनुक उघडे राहण्याचा वाटा शेकडा ९. मिटविणारे मुळीच नसेल तर एकूण वजन १० आणि उघडे राहण्याचा वाटा शेकडा ९०. आता मिटविणारे निम्मे करू, म्हणजे ४५. वाटा ५५ पैकी ९, सुमारे शेकडा १६. फारसा फरक पडला नाही. ते दहाव्या हिश्शावर आणू, म्हणजे ९. वाटा १९ पैकी ९, सुमारे शेकडा ४७. निम्म्यावर आणून जे साधले नाही, ते दहाव्या हिश्शावर आणल्यावर साधले. आणि त्यासाठी प्रथिन समूळ नष्ट करण्याची आवश्यकता पडली नाही.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य करून घ्यावे. औषधाचा परिणाम मात्रेच्या सरळ प्रमाणात का वाढत नाही, हे विद्यार्थ्यांना त्यातून उमगेल. जीवशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, ही समजूतही थोडी ढळेल.

रिळांचे अडसर

आतापर्यंत धागा मोकळा आहे असे आपण गृहीत धरले. जंतूंच्या बाबतीत ते बरेचसे चालते. मानवी पेशीत चालत नाही. प्रथिनाची जागा रिळाभोवती गुंडाळली गेली असेल, तर तेथे पोहोचणेच कठीण. म्हणजे हिस्टोनचे रीळ हाही त्या जागेवरील एक दावेदारच झाला, आणि त्यालाही वजन द्यावे लागते.

डॉ. लिओनिड मिर्नी यांनी २०१० साली एका सुंदर साम्याकडे लक्ष वेधले. रिळाखालील दोन-तीन जागांसाठी निरनिराळी प्रथिने झटत असली, तर पहिल्या प्रथिनाने रीळ थोडे सैल केले की दुसऱ्याचे काम सोपे होते. प्रथिनांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही, तरी ती जणू परस्परांना साहाय्य करतात. या घटनेचे समीकरण मांडले असता ते ओळखीचेच निघाले. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या प्राणवायू कसा धरतात, हे सांगण्यासाठी मोनो, वायमन व शांझो यांनी १९६५ साली जे समीकरण दिले होते, तेच हे. हिमोग्लोबिन जे गणित फुप्फुसात करते, तेच गणित हिमोग्लोबिनचे जनुक उघडताना होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दूरच्या जागेचा हुकूम

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. रक्ताची ही जनुके ११ व्या गुणसूत्रावर ओळीने मांडलेली आहेत. गर्भाच्या सुरुवातीचे प्रथम, मग दोन गॅमा, शेवटी प्रौढाचे बीटा. ज्या क्रमाने ती उघडतात त्याच क्रमाने. या सर्वांना चालना देणारा एक वर्धक प्रदेश ओळीच्या आधी आहे. १९८७ साली तो ओळखला गेला. बीटा जनुक त्यापासून पन्नासएक हजार अक्षरे दूर आहे. एवढ्या अंतरावरून हुकूम कसा पोहोचतो?

धागा वळसा घेतो आणि दूरची दोन स्थाने एकमेकांशेजारी येतात, हे उत्तर २००२ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे उंदरांच्या पेशींत प्रत्यक्ष मोजून मिळाले. गर्भात वर्धक गॅमाजवळ असतो, पुढे बीटाजवळ. फिलाडेल्फिया येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रौढ पेशीत हा वळसा मुद्दाम गॅमाकडे वळविला आणि मिटलेले गॅमा जनुक उघडले. वळसा हा नुसता परिणाम नसून कारणही आहे, हे त्यावरून ठरले.

असे वळसे पडतात कसे, याचे संगणकीय प्रतिमान या क्षेत्रातील सर्वांत यशस्वी प्रतिमान मानावे लागेल. कोहेसिन नावाचे कड्यासारखे एक प्रथिन आहे. ते धाग्यावर बसते आणि धागा आतून ओढू लागते. बैलाचा कासरा कडीतून ओढत जावा आणि वळसा मोठा होत जावा तसे. सीटीसीएफ नावाचे दुसरे प्रथिन धाग्यावर ठिकठिकाणी फाटकासारखे बसलेले असते आणि त्याला दिशा असते. दोन फाटके परस्परांकडे तोंड करून असली तरच ओढणे तेथे थांबते. संगणकात मण्यांची एक लांब माळ घेऊन एवढेच दोन-तीन नियम घातले, की प्रत्यक्ष पेशीत आढळणाऱ्या वळशांचा नकाशा बऱ्याच अंशी हुबेहूब उमटतो. अमेरिकेतील दोन गटांनी २०१५ व २०१६ मध्ये ही प्रतिमाने प्रसिद्ध केली. त्यांतील एका गटाने पेशीतील फाटकांची अक्षरे प्रत्यक्ष बदलून पाहिली. नवा नकाशा प्रतिमानाशी जुळला.

त्या वेळी कोहेसिनला धागा ओढताना कोणी पाहिलेले नव्हते. तशी क्रिया २०१८ मध्ये कोहेसिनच्या एका भावंड-प्रथिनात व २०१९ मध्ये खुद्द कोहेसिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. गणित आधी आणि दर्शन मागाहून, असे जीवशास्त्रात क्वचितच घडते.

तथापि या यशाला एक मोठी किनार अपयशाचीही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. २०१७ मध्ये पेशीतील कोहेसिन नाहीसे करून पाहण्यात आले. अपेक्षेप्रमाणे वळसे काही मिनिटांतच विरले. परंतु बहुसंख्य जनुकांच्या कामात पुढील काही तासांत थोडाच फरक पडला. रचनेचे प्रतिमान बरोबर असले म्हणजे कामाचे प्रतिमानही बरोबर असते, असे नव्हे. संगणकाच्या पडद्यावरील मोहक रंगीत चित्रे पाहताना याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

भारतातील काही धागे

प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांतून वळू शकते आणि कोणत्या नाही, हे मद्रास येथे डॉ. गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ साली गणिताने दाखवून दिले. त्यांचा आलेख आजही जगभर प्रथिनाची कोणतीही नवी रचना तपासताना वापरला जातो. प्रथिनाच्या अक्षरक्रमावरून त्याचा आकार सांगणाऱ्या संगणकप्रणालीला व नवी प्रथिने रचण्याच्या कामाला २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या परंपरेच्या मुळाशी हा आलेखही आहे. मात्र नियंत्रक प्रथिनांचा पुष्कळसा भाग ठरावीक आकार न धरता मोकळाच हेलकावत असतो, तेथे या प्रणालीचा फारसा उपयोग होत नाही. बीसीएल-११-ए प्रथिनाला नेमके जाऊन चिकटेल अशी साधी गोळी तयार करणे अवघड जाते, त्याचे हे एक कारण. क्रोमॅटिनच्या भौतिक प्रतिमानांवर पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही संशोधन होत आले आहे.

कात्री कोठे चालवावी

मिटविणारे प्रथिन कमी करावयाचे, एवढे ठरले. परंतु ते इतर रक्तपेशींना, तसेच मेंदूच्या वाढीलाही लागते. सरसकट नष्ट करून चालणार नाही. २०१३ मध्ये असे आढळले, की बीसीएल-११-ए जनुकाच्या आतच त्याचा एक वर्धक आहे आणि तो फक्त तांबड्या पेशी घडविताना कामी येतो. तेथे गाटा-१ नावाचे प्रथिन बसते. २०१५ मध्ये बोस्टन येथील गटाने क्रिस्पर या जनुकीय कात्रीने या वर्धकाचा जवळजवळ प्रत्येक भाग तोडून पाहिला आणि सर्वांत नाजूक जागा निश्चित केली. ती गाटा-१ चीच निघाली.

याच जागेवर चालणारा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केला. रुग्णाच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढून त्यांत ती जागा तोडतात आणि पेशी परत देतात. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग १२ महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. हा उपचार संगणकाने शोधला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो माणसांच्या तुलनेतून आणि प्रयोगशाळेतील कष्टांतून सापडला. प्रथिनांच्या चढाओढीच्या गणिताने तो का चालतो हे समजावले.

एका बाबतीत मात्र संगणकाचे काम थेट जीविताशी निगडित आहे. कात्री चुकून दुसरीकडे चालली तर? ६०० कोटी अक्षरांत तशीच दिसणारी जागा कोठे कोठे आहे, हे गणनेनेच शोधावे लागते. सुरुवातीच्या गणना एका नमुना-संहितेवर झाल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या लोकसमूहांतील फरक जमेस धरून पुन्हा शोध घेण्यात आला. तेव्हा आफ्रिकी वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळणाऱ्या एका अक्षरभेदामुळे याच कात्रीसाठी एक नवी चुकीची जागा तयार होते, असे दिसून आले. ज्या समाजात आजार अधिक, त्याच समाजाची अक्षरे मूळ वहीत नव्हती.

आपल्या दृष्टीने ही बाब कळीची आहे. १०,००० भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंहितेचा संग्रह जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला करण्यात आला. असा संग्रह वाढताना त्यात माडिया, पावरा, भिल्ल कुटुंबांचे नमुने पुरेशा संख्येने असतील, तरच त्यांच्यासाठी केलेली गणना विश्वासार्ह ठरेल. नमुना देण्यापूर्वी त्याचा उपयोग काय, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगणे आणि ग्रामसभेत शंकांना उत्तरे देणे हे काम प्रयोगशाळेतून होणार नाही.

उपचाराची किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठेवण्यात आली. त्यापूर्वी रुग्णाच्या अस्थिमज्जेतील जुन्या पेशी तीव्र औषधाने नष्ट कराव्या लागतात, त्यालाही धोके आहेत. तेव्हा उद्याच तो आपल्या ग्रामीण रुग्णालयात येईल, अशी आशा कोणी दाखवू नये. दिल्ली येथील जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत देशी कात्रीवर काम चालत आले आहे.

हाताशी असलेला उपाय

गर्भ-हिमोग्लोबिन वाढविणारे एक जुने औषध मात्र आजही हाताशी आहे, ते म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या औषधाने वेदनांचे झटके सुमारे शेकडा ४४ ने कमी झाले. ते वैद्यकीय देखरेखीखाली, वजनानुसार आणि नियमित रक्ततपासणी करून द्यावे लागते. गोळी मधेच बंद केली तर गुण टिकत नाही.

आपल्याकडील रुग्णांत निसर्गाचा एक अनुकूल भागही आढळतो. भारतातील सिकलसेल रुग्णांमध्ये बहुधा गॅमा जनुकाच्या १५८ अक्षरे मागे एक विशिष्ट अक्षरभेद असतो आणि त्यांचे गर्भ-हिमोग्लोबिन अनेकदा शेकडा २० च्या आसपास असते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ते बहुशः शेकडा १० हून कमी असते. म्हणून भारतीयांचा आजार सौम्य, असा समज बरीच वर्षे होता. विदर्भातील रुग्णालयांत दाखल होणारी मुले पाहता तो सरसकट खरा मानता येत नाही. गर्भ-हिमोग्लोबिन रक्तात किती आहे याबरोबरच ते सर्व पेशींत सारखे वाटले गेले आहे की मोजक्याच पेशींत साठले आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठरविण्यात आले. पहिली चाचणी बोटातील रक्ताच्या थेंबावर होते. ती सदोष निघाली तर पुढील चाचणीच्या अहवालात ‘ए’, ‘एस’ आणि ‘एफ’ अशा तीन अक्षरांपुढे टक्केवारी लिहिलेली असते. ‘एस’ म्हणजे सिकल हिमोग्लोबिन. ते ‘ए’च्या जोडीने असेल तर व्यक्ती वाहक असते, स्वतः आजारी नव्हे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. आणि ‘एफ’पुढचा आकडा गर्भ-हिमोग्लोबिनचा. हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी हाच आकडा पुन्हा पाहतात. तो वाढत असल्यास औषधाचा गुण येत आहे, असे डॉक्टर समजतात.